मूळ किल्ली कुणालाही देऊ नकोस

११ मार्च, दुपार

दादा,

या पत्राखाली माझी सही नाही. मुद्दामच नाही. माझ्या किल्लीची सही असलेलं पत्र तुला आलं, तर ते माझं नाही असं समज. चार वर्षांनी लिहितेय आणि सुरुवात ही अशी. पण आधी पूर्ण वाच, रागवायचं ते नंतर.

आज सकाळी बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात माझा लॅपटॉप गेला. बसचा पत्ता नव्हता, म्हणून मी तो मांडीवर घेऊन ‘बोलकी’च्या नव्या आवृत्तीचं काम उरकत बसले होते. कानात इअरफोन, ‘बोलकी’तला आईचा आवाज एकेक ओळ वाचून दाखवतोय. कुणीतरी म्हणालं, “जरा सरकता का?” मी सरकले आणि मांडी एकदम हलकी झाली. इअरफोन कानातून ओढले गेले, आईचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला. मी उठले आणि त्या पावलांमागे धावले. दिसत नसताना गर्दीत धावू नये हे मला कळतं, तू सांगायची गरज नाही. मला काही झालेलं नाही.

लॅपटॉप बंद असता तर मी नुसती हळहळले असते. पण तो उघडा होता आणि आवृत्तीवर सही करायची म्हणून मी नुकतंच परवलीचं वाक्य टाकलं होतं. म्हणजे किल्ल्या जाग्या होत्या, तिन्ही. सही करणारी, मला आलेली कुलूपबंद पत्रं उघडणारी, आणि आपल्या साइटवर आत सोडणारी. ज्याच्या हातात तो लॅपटॉप आहे, तो या क्षणी माझ्या नावाने सही करू शकतो, माझी पत्रं वाचू शकतो आणि ‘बोलकी’ म्हणून लोकांना काहीही वाटू शकतो. डोळे नसलेली किती माणसं आपल्या त्या प्रोग्रामच्या भरवशावर वाचतात, लिहितात, ते तुला ठाऊक आहे. त्यांनी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर ‘बोलकी’च्या हाताखालून जातं.

आई सांगते आहे, मी घरी येऊन पहिल्यांदा हसले म्हणे. हसले ते यासाठी, की मूळ किल्ली त्या लॅपटॉपमध्ये नव्हती. तुझा तो हट्ट! “रोज वापरायच्या मशीनवर मूळ किल्ली ठेवायची नाही.” मी तेव्हा किती कुरकुर केली होती.

आईला सगळं समजावून सांगावं लागलं. एवढी वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करून तिला एक सवय लागली आहे, नीट कळल्याशिवाय ती पुढे सरकू देत नाही. तिला म्हटलं, लोकांच्या मशीनमध्ये आपल्या मूळ किल्लीचा जाहीर भाग बसलेला आहे. त्यावरून मशीन ‘बोलकी’ला ओळखतं. मूळ किल्ली रोजची कामं करत नाही. ती फक्त सांगते, ही उपकिल्ली माझी, ही माझी, आणि ही आता माझी नाही. रोजची धावपळ उपकिल्ल्यांनी करायची. त्यातली एखादी चोरीला गेली, तर मूळ किल्लीने ती रद्द करायची आणि दुसरी नेमायची. लोकांना नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही.

“मग सगळंच नवीन कर ना, मूळ किल्लीसकट,” आई म्हणाली.

“आणि लोकांना काय सांगू? जुनी सोडा, ही नवी किल्ली माझी? चोरही नेमकं हेच सांगेल.”

आईने विचारलं, “मूळ किल्ली कुठाय?”

तिच्या शिवणाच्या डब्यात होती, तू ठेवलीस तिथेच. तो पेनड्राइव्ह मी घरच्या मशीनला लावला, शेजारच्या मशीनला लावला, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, “ताई, हा गेला.” नुसता पडून पडून गेला. मी त्याला वर्षानुवर्षं हातच लावला नव्हता.

म्हणजे आता ती जगात एकाच ठिकाणी आहे. तुझ्याकडे. असली तर.

हे पत्र मी तुझ्या किल्लीच्या जाहीर भागाने बंद करतेय, ते तुझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तुला दोनच गोष्टी मागते. माझ्या तिन्ही उपकिल्ल्या रद्द कर आणि ते जाहीर कर. आणि मला उत्तर लिहिलंस तर त्यात गुपित काही घालू नकोस, कारण माझ्यासाठी बंद केलेलं पत्र आता त्यालाही उघडतं.

मूळ किल्ली कुणालाही पाठवू नकोस. मी मागितली तरी नाही.

टिटवी


१२ मार्च, सकाळ

दादा,

उत्तर नाही. कदाचित तिकडे रात्र असेल. कदाचित तू अजून रागावलेला असशील. पण आता रागाला वेळ नाही, खरंच नाही.

‘बोलकी’ची एक नवी आवृत्ती साइटवर आली आहे. ती मी केलेली नाही. तिच्यावर सही आहे आणि ती सही खरी आहे, माझ्याच उपकिल्लीची. त्यामुळे लोकांची मशीनं तिला मुकाट्याने आत घेताहेत.

पहिली शंका वकीलबाईंना आली. तुला आठवत असतील, आपल्या अगदी सुरुवातीच्या वापरणाऱ्यांपैकी. कोर्टात उभ्या असताना एका कानात ‘बोलकी’ ठेवून दुसऱ्या कानाने न्यायाधीशांचं ऐकतात, त्या. आज उजाडताच त्यांचा फोन. म्हणाल्या, “अगं, तुझ्या आईला दम लागलाय का?” मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाल्या, की टाइप केलेलं अक्षर आई बोलते, पण किंचित थांबून बोलते. आधी अक्षर कुठेतरी जातं आणि मग कानात येतं, असं वाटतं.

मी ती आवृत्ती घरच्या मशीनवर उतरवली, नेटची वायर काढून टाकली आणि उलगडून पाहिली. त्यांच्या कानाने बरोबर पकडलं होतं. प्रत्येक अक्षराची एक नक्कल बाहेर पाठवली जात होती. आणि आपल्याकडून पुढची सुधारणा आली, तरी ती आत येऊ नये अशीही तजवीज केलेली होती.

मी सर्व्हरवाल्यांना फोन केला. साइट ताबडतोब बंद करा म्हटलं. फोनवरचा माणूस फार सभ्य होता. म्हणाला, “नक्की करतो, फक्त ही विनंती तुमच्या सहीने पाठवा.” मी त्याला सांगितलं की सहीच चोरीला गेली आहे. तो म्हणाला, थोड्याच वेळापूर्वी तुमच्या सहीची दुसरी विनंती आली आहे. कुणी फोन करून साइट बंद करायला सांगितलं तर ऐकू नका, अशी.

मी हसले, दादा. काय करू? मी मीच आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे जे काही होतं, ते सगळं त्याच्याकडे आहे.

म्हटलं तुला फोन करावा. मग तूच शिकवलेलं आठवलं. “आवाजाचं काय घेऊन बसलीस?” आईचा आवाज आपणच जगाला वाटला, आता तो कुणीही कशासाठीही बोलायला लावू शकतो. माझा आवाज तर आपल्या साइटवरच्या धड्यांमध्ये तासन्‌तास पडलेला आहे. मी फोनवर ओरडले, रडले, तरी तू विश्वास ठेवणार नाहीस. आणि ठेवूही नयेस.

फक्त मूळ किल्ली उरली आहे. कृपा कर आणि बघ.

टिटवी


१२ मार्च, संध्याकाळ

दादा,

तुझं उत्तर आलं. उघडं, कुणीही वाचावं असं, आणि खाली तुझी सही. मी ती सही आधी तपासली, मग आईला हाक मारली, आणि मग वाचलं. आईने ते दुसऱ्यांदा मोठ्याने वाचायला लावलं.

“दोन पत्रं आली आहेत. एकावर सही आहे आणि त्यात मूळ किल्ली मागितली आहे. दुसऱ्यावर सही नाही आणि त्यात किल्ली देऊ नकोस असं म्हटलं आहे. दोघींनी एका प्रश्नाचं उत्तर द्या. लहानपणी मी तुला सायकलवर मागे बसवून शाळेत न्यायचो. वळण आलं की मी काय म्हणायचो?”

म्हणजे त्याने तुला पत्र लिहिलंसुद्धा! आपली जुनी पत्रं वाचून त्याला कळलं असणार, की दुसरी प्रत तुझ्याकडे आहे.

आई म्हणाली, “लिही ना, उजवीकडे, डावीकडे म्हणायचा.” ती आपल्याला दारातून टाटा करायची, तिला काय कळणार.

दादा, तू काहीच म्हणायचा नाहीस. तुझा प्रश्नच खोटा आहे. मी हँडल धरलेल्या तुझ्या हातांखालून, बरगड्यांना धरून बसायचे, आणि वळण यायच्या आधी तुझी पाठ वळायची. मी तिच्याबरोबर वळायचे. एकदा तू मुद्दाम पाठ न वळवता वळलास, गंमत म्हणून, आणि आपण दोघं पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर आदळलो. माझा पुढचा दात हलला होता. घरी तू सांगितलंस, की ती खेळताना पडली. मीही तेच सांगितलं. हे आपण कधी कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता आईला कळलं. ती इथे शेजारी बसून तुला जे म्हणतेय ते मी लिहीत नाही.

त्याला हवं तेवढं उजवीकडे-डावीकडे लिहू दे.

टिटवी


१३ मार्च, दुपार

दादा,

झालं. झालं रे.

सकाळी मी मशीनला म्हटलं, मूळ किल्लीची ताजी माहिती आण, आणि आईच्या आवाजाने वाचून दाखवलं: तिन्ही उपकिल्ल्या रद्द. रद्द करणारी सही मूळ किल्लीची. मी खुर्चीतून उठले आणि टेबलावरचा चहाचा कप लवंडला, आईने चहा पुसला आणि ती मला एका शब्दानेही रागावली नाही. यावरून समज.

सर्व्हरवाल्यांना मी फोन करायच्या आधी त्यांचाच आला. कालचाच सभ्य माणूस. त्यांच्या मशीनने आमची सही नाकारली होती. साइटचं दार बंद झालं होतं आणि चोर बाहेर उभा होता. मूळ किल्लीने जाहीर केलं म्हटल्यावर त्यांना माझ्याकडून काहीच नको होतं. खोटी आवृत्ती त्यांनी खाली उतरवली. ज्यांच्या मशीनमध्ये ती अजून गेली नव्हती, तिथे आता जाणारच नाही. मशीन सुधारणा घेण्याआधी किल्लीची चौकशी करतं, आणि चौकशीत आता ‘रद्द’ असं उत्तर मिळतं.

राहिले ते ज्यांनी ती आधीच घेतली होती. त्यांच्या मशीनला चौकशी करायचीच मनाई होती. त्यांना माणसानेच सांगायला हवं. वकीलबाईंनी कोर्टातून सुट्टी टाकली. त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना फोन करायचे, त्या लोकांनी पुढच्यांना. घराखालचं दुकान बंद होतं म्हणून जिना शांत होता, नाहीतर पुढच्या खोलीतल्या ऑफिसमध्ये एकमेकांचं ऐकू आलं नसतं. मालिश करणारा एक जण, रेडिओवर बातम्या देणारी, अंधशाळेतल्या संगीताच्या बाई, सगळे आले आणि जमिनीवर बसून फोन लावायला लागले.

आणि आई. ती म्हणाली, मीही करते. मी सांगितलं, कुणालाही काही विचारायचं नाही, कुणाकडून काही मागायचं नाही, फक्त मशीन बंद करा आणि ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर उलटा फोन करा, एवढंच. तिने पहिला फोन लावला आणि स्टेशनवरच्या थाटात सुरुवात केली. पलीकडचा माणूस किंचाळला. इतकी वर्षं मशीनमधून बोलणारी बाई एकदम फोनवर! त्याने फोनच ठेवून दिला. मग उलटा फोन करून म्हणाला, बोलकीने मला कॉल केला, हे नवीन आहे का? दुपारपर्यंत आईने घसा बसेस्तोवर फोन केले. एकाला तर ती सवयीने म्हणाली, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं.”

पण आता माझ्याकडे एकही जिवंत उपकिल्ली नाही. ‘बोलकी’ची खरी सुधारणा तयार आहे आणि तिच्यावर सही करायला काही नाही. लोक मशीन बंद करून वाट बघताहेत. तू तिकडे नव्या उपकिल्ल्या केल्यास, तरी त्यांचे गुप्त भाग माझ्यापर्यंत पोचवणार कसे? मला पाठवलेलं काहीही बंद करायला माझ्याकडे किल्ली नको का?

तेवढ्यात तुझी ओळ आली. उघडी, सही केलेली. “पत्राने होणार नाही. येतोय.”

आईने ती ओळ वाचायला लावली नाही. ती आत गेली आणि तुझ्या खोलीतला कॅरमबोर्ड, जुनी मासिकं, माझं वायरींचं खोकं, सगळं उचलून बाहेर टाकायला लागली.

ये.

टिटवी


२४ मार्च, सकाळ

दादा,

आता या पत्राखाली सही आहे. तपासून बघ. नव्या उपकिल्लीची, आणि त्या उपकिल्लीवर मूळ किल्लीची. तुला हवं ते लिही, बंद करून. आता माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही.

तू विमानात बसलास त्यानंतरचं सांगते, पण आधी तू इथे होतास त्याबद्दल थोडं. तू असताना मला बोलता आलं नाही.

तू दारात आलास तेव्हा आईने तुझी पिशवी घेतली. तू माझा हात हातात घेतलास आणि तुझी बोटं प्लास्टरवर थांबली. “काही झालेलं नाही,” तू म्हणालास. माझंच वाक्य, माझ्याच स्वरात. हो, चोरामागे धावताना मी खांबावर आदळले होते. हे लिहिलं असतं तर तू चोराचा विचार सोडून माझाच केला असतास.

तू सांगितलंस, की त्याचं पत्र वाचतानाच तुला शंका आली होती. फार नम्र होतं म्हणे. “कृपया”, “तुझ्या सोयीने”. “तू जन्मात माझ्याशी इतकं गोड बोलली नाहीस,” असं तू म्हणालास आणि आई हसली. त्या हसण्याने घरातलं काहीतरी सैल झालं.

मग ते काम. आईचं जुनं मशीन, ज्याला नेट कधी दाखवलंच नाही. तू स्क्रूड्रायव्हरने त्याचं वायरलेसचं कार्डही काढून माझ्या हातात दिलंस, माझी खात्री पटावी म्हणून. आईला खोलीबाहेर घालवलं. “माझ्याच घरात,” ती दाराबाहेरून म्हणत राहिली.

आणि तू तो पेनड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवलास. मला वाटलं होतं, माझ्यासारखाच असेल, आपण एकत्र घेतलेला, कोपरा झिजलेला. हा गुळगुळीत होता, झाकण घट्ट. नवाकोरा. मी विचारलं, हा कधी घेतलास? तू म्हणालास, “दर वर्षी नव्यावर उतरवून ठेवतो. जुने टिकत नाहीत.” आणि लगेच वायर शोधायला खाली वाकलास.

दादा, चार वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. तुला ‘बोलकी’ त्या कंपनीला द्यायची होती, मला नव्हती द्यायची. तू त्यांच्याकडे नोकरीला गेलास, परदेशात, आणि मी आईला म्हणत राहिले, त्याला आता आपलं काही पडलेलं नाही, त्याच्याकडची किल्ली परत मागू या. आईने मागू दिली नाही. “असू दे त्याच्याकडे,” एवढंच म्हणायची. आणि तू तिकडे बसून, दर वर्षी.

परवलीचं वाक्य तू मला टाइप करायला लावलंस. मला वाटलं, विसरले असेन. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्याच्या बोटांना मात्र सगळं पाठ होतं. मूळ किल्ली उघडली. मग एकेक करत तीन उपकिल्ल्या. सहीची, कुलुपाची, दाराची. या वेळी त्या लॅपटॉपवर ठेवल्या नाहीत, तू आणलेल्या त्या छोट्या चकतीत गेल्या. तिला बोट लावल्याशिवाय ती एकही सही करत नाही. माझ्या गळ्यात आहे आत्ता. जुनी कुलुपाची उपकिल्ली रद्द झाली तरी तिची प्रत तू मला ठेवायला लावलीस. नवीन कुणी तिने काही बंद करणार नाही, पण आधीची पत्रं तिच्याशिवाय उघडणार नाहीत. बरं केलंस. तुझी सगळी पत्रं त्यात आहेत.

तू विमानात असताना मी खरी सुधारणा सोडली. ऑफिसमध्ये परत सगळे जमले होते. वकीलबाई विचारत होत्या, आम्ही काय करायचं, कुठलं बटण दाबायचं, नवी किल्ली मान्य आहे असं कुठे सांगायचं? मी म्हटलं, काही नाही. मशीन चालू करा. खोटी आवृत्ती घेतलेल्यांनी ती कशी काढायची ते आदल्या दिवशीच सांगून झालं होतं.

त्यांनी चालू केलं. मशीनने चौकशी केली. मूळ किल्ली तीच. तिने सांगितलं, ही सही करणारी माझी. बस, एवढंच. खोलीभर एकामागून एक आईचा आवाज उठला, प्रत्येक मशीनमधून, वेगवेगळ्या वेगात, आणि मग फोन सुरू झाले, या गावातून, त्या गावातून, चालू झालं, चालू झालं, चालू झालं. संगीताच्या बाई रडल्या. वकीलबाईंनी आख्खा परिच्छेदभर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, “आता दम लागत नाही तुझ्या आईला.” तू इथे असायला हवा होतास. हे मी मनापासून लिहितेय.

तो कोण होता ते पोलिसांना अजून कळलेलं नाही. कळेल की नाही, माहीत नाही.

निघताना तू जे केलंस, त्यावर मी फार बोलले नाही, टॅक्सी दारात होती. तू दोन्ही नवे पेनड्राइव्ह, तुझा आणि माझ्यासाठी उतरवलेला, आईच्या हातात ठेवलेस आणि म्हणालास, “दोन्ही इथेच राहू देत. मी निघून गेलेला माणूस.” आई माझ्याकडे वळली, तिच्या बांगड्यांवरून कळलं. मी त्यातला एक उचलला, तुझ्या शर्टाचा खिसा चाचपला आणि आत टाकला. तू काढला नाहीस. खिशाचं बटणही लावलंस. ऐकू आलं मला.

आता एक राहिलं. उपकिल्ल्यांना मुदत टाकायची वेळ आली, तेव्हा तू म्हणालास दोन वर्षं टाक, उगाच सारखं सारखं करायला नको. मी हो म्हटलं. मग आईने दार ठोठावून जेवणार आहात का विचारलं, तू उठून तिच्याशी बोलायला गेलास, आणि मी एक वर्ष टाकलं. मुदत संपली की त्या चालत नाहीत, आणि ती वाढवायला मूळ किल्ली लागते. माझ्याकडे ती आहे, मी एकटी करू शकते, हे मला कळतं. पण या घरात ते काम एकटीने करायचं नाही असं ठरलं आहे. मी ठरवलं आणि आईने लगेच मान्य केलं.

पुढच्या मार्चचं तिकीट आत्ताच काढून ठेव. नंतर महाग होतं.

टिटवी